टॉवरचे किरण आणि धड्यातले प्रारण

काही महिन्यांपूर्वी एका अध्यापक महाविद्यालयातील छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहण्याचा योग आला. माध्यमिक वर्ग, घटक विद्युतचुंबकीय तरंग. पाठ घेणाऱ्या छात्राध्यापिकेची तयारी चांगली होती. पाठ टाचण नीटनेटके, फलक लेखन सुवाच्य आणि फळ्याशेजारी हाताने रंगवलेला मोठा तक्ता. डावीकडे रेडिओ लहरी, मग सूक्ष्मलहरी, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण आणि शेवटी गॅमा किरण. मुलांनी नावे क्रमाने म्हणून दाखवली, प्रत्येकाचे दोन-दोन उपयोग सांगितले. संकलनाचे प्रश्न झाले. गृहपाठ लिहायला त्या फळ्याकडे वळल्या तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, आमच्या गल्लीत टॉवर बसवणार आहेत. त्याचे किरण यातले कुठले? त्यानं कॅन्सर होतो का?"

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मोबाइलचं रेडिएशन घातकच असतं. पण तो आपल्या आजच्या पाठाचा भाग नाही."

या उत्तरातले पहिले वाक्य अपुऱ्या माहितीचे आहे. ते दुरुस्त करता येईल. आम्हाला जास्त खटकले ते दुसरे वाक्य. टॉवरचे किरण हा त्या पाठाचाच भाग होता. भिंतीवरच्या तक्त्यात त्याला जागा होती, पहिल्या-दुसऱ्या चौकटीतच होती. पण तक्ता वेगळा आणि टॉवर वेगळा अशी त्यांच्या मनात पक्की फाळणी झालेली होती.

हे एका छात्राध्यापिकेचे उणे काढण्यासाठी आम्ही लिहीत नाही. त्या दिवशी पाठानंतर सात-आठ छात्राध्यापकांशी बोलत बसलो, पुढे इतर ठिकाणीही असेच प्रश्न विचारले. ही काही रीतसर पाहणी नव्हे, पण काही उत्तरे पुन्हा पुन्हा कानावर आली. मोबाइलचे रेडिएशन म्हणजे अणुभट्टीतले असते तेच, फक्त सौम्य. प्रकाश हे रेडिएशन नव्हे. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांच्या लहरी सारख्याच, म्हणून वायफायजवळ बसू नये. मोबाइलवरचे बोलणे उपग्रहामार्फत जाते. टॉवर गावाबाहेर गेला की धोका संपला. चिमण्या टॉवरमुळे नाहीशा झाल्या. आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या एकाने ठामपणे सांगितले, "सर, ते नॉन-आयोनायझिंग आहे. त्यानं काहीही होत नाही."

यातल्या प्रत्येक उत्तरामागे शिकवण्यातली एक फट आहे, आणि ती आपली म्हणजे शिक्षकांना शिकवणाऱ्यांची आणि विज्ञानावर लिहिणाऱ्यांची आहे. ती कुठे आहे ते पाहू.

एकच गोष्ट, तीन नावे

उष्णतेच्या धड्यात आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवतो. शेकोटीसमोर बसले की हवेची मदत न घेता उष्णता चेहऱ्यापर्यंत पोचते ते प्रारण. पुढे अणूच्या धड्यात युरेनियम, रेडियम येतात, तिथे शब्द असतो किरणोत्सारिता. आणि वर्तमानपत्रात टॉवरविरुद्धच्या बातमीत रेडिएशन किंवा किरणोत्सर्ग असे छापलेले असते.

इंग्रजीत पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी एकच शब्द आहे, दुसऱ्या ठिकाणचाही त्याच कुळातला. मराठीत तीन वेगळे शब्द असल्याने खरे तर आपली सोय व्हायला हवी होती. झाले उलटेच. शेकोटीचे प्रारण आणि टॉवरचे रेडिएशन या एकाच जातीच्या गोष्टी आहेत हे मुलाला कधी सांगितलेच जात नाही. उलट किरणोत्सर्ग या शब्दामुळे टॉवरचे नाते अणुभट्टीशी जुळते. अणुभट्टीतल्या पदार्थांतून निघणारे अल्फा आणि बीटा हे किरण तर विद्युतचुंबकीय लहरी नव्हेतच, ते कण आहेत. शिवाय किरणोत्सारी पदार्थाची धूळ अंगावर, कपड्यांवर बसू शकते. टॉवर बंद केला की मागे काही उरत नाही, जसा दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये रॉबिन मिलर यांनी १९९० च्या दशकात शाळकरी मुलांशी बोलून दाखवून दिले, की किरणे आणि किरणे सोडणारा पदार्थ यांत मुले फरक करत नाहीत. ऑस्ट्रियातील नॉयमान आणि हॉप्फ यांनी नववीच्या मुलांच्या मुलाखतींवरून २०१२ साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यातही रेडिएशन म्हटले की मुलांच्या मनात घातक असे काहीतरी येते, डोळ्यांना दिसणारा प्रकाश येत नाही, असेच आढळले. आपले छात्राध्यापक कालपर्यंत अशीच मुले होती. मधल्या वर्षांत कोणी तो गोंधळ सोडवला नाही, एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट वर्गात म्हणावी ती ही: आपण सगळेच प्रारण सोडतो. माणसाच्या त्वचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५०० वॅट इतके अवरक्त प्रारण सतत बाहेर पडत असते. भिंती, बाके, शेजारचा मुलगा यांच्याकडून जवळपास तेवढेच परत मिळते म्हणून आपण गारठत नाही. बाकावर शेजारी बसलेली दोन मुले एकमेकांवर विद्युतचुंबकीय लहरी टाकत आहेत हे ऐकून वर्ग हसेल. हसू द्यावे. रेडिएशन या शब्दाची निम्मी भीती त्या हसण्यात जाते.

तक्ता काय लपवतो

आता तक्त्याकडे वळू. या तक्त्यात सात चौकटी सारख्या रुंदीच्या काढतात. मुलाला वाटते रेडिओ लहरी आणि क्ष-किरण यांच्यात पाच-सहा पायऱ्यांचे अंतर आहे. खरे अंतर किती आहे?

समजा, तक्ता सरळ मोजपट्टीने काढायचा ठरवला. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी शून्यापासून १ मिलिमीटरवर मांडल्या. मग हिरवा प्रकाश कुठे येईल? सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर, कदाचित गावाच्या वेशीजवळ. आणि इस्पितळातला क्ष-किरण? सुमारे १६,००० किलोमीटरवर. पृथ्वीचा व्यास १२,७०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपला तक्ता पृथ्वीतही मावणार नाही.

हे गणित दहावीच्या मुलांकडून करवून घेता येते, भागाकारापलीकडे त्यात काही नाही. आणि त्याचा अर्थ केवळ लांबीपुरता नाही. विद्युतचुंबकीय प्रारणाची ऊर्जा पुंजांच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपात दिली-घेतली जाते आणि एका फोटॉनची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते. ९०० मेगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा सुमारे ३.७ दशलक्षांश भाग. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनची सुमारे २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांची हजारो इलेक्ट्रॉन व्होल्ट. आपल्या शरीरातील रेणूंचे बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ लागतात.

आणखी एक तुलना उपयोगी पडते. शरीराच्या तापमानाला रेणूंची आपापसात जी ढकलाढकली चालू असते, तिचे ऊर्जेचे माप सुमारे ०.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. मोबाइलच्या एका फोटॉनपेक्षा ही काही हजार पटींनी जास्त आहे. म्हणून क्ष-किरण ज्या रीतीने डीएनएचे बंध तोडतो, त्या रीतीने मोबाइलची लहर तोडू शकत नाही. फोटॉन कितीही जमा केले तरी एकेकाच्या अंगी ते बळ नाही. लहान मुलांनी चिंचेच्या झाडावर फुंकर मारली तर चिंच पडत नाही. शंभर मुलांनी मारली तरी पडत नाही. त्यासाठी एकच नेमका दगड लागतो.

'कोणते' कळले, 'किती' राहिले

इथे थांबले तर मात्र दुसरी चूक होते. ती आमच्या भौतिकशास्त्राच्या पदवीधराने केली होती. नॉन-आयोनायझिंग, म्हणजे अनायनीकारक, म्हणून निरुपद्रवी. हा नवा मंत्र आहे. मंत्र बदलला, पाठांतर तेच.

मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या लहरीही अनायनीकारकच असतात आणि त्यांनी बटाटा शिजतो. पाण्याचे रेणू त्या लहरींबरोबर इकडून तिकडे वळू पाहतात, एकमेकांवर आदळतात आणि पदार्थ तापतो. अशा प्रखर लहरी उघड्यावर सोडल्या तर माणसालाही भाजेल, डोळ्यांना इजा होईल. दुसरे उदाहरण उन्हाचे. जमिनीपर्यंत पोचणारे अतिनील किरण अणूतून इलेक्ट्रॉन काढण्याइतके बलवान नसतात. तरी ते त्वचेतल्या डीएनएमध्ये रासायनिक बदल घडवतात आणि त्वचेच्या कर्करोगाला कारण होतात. म्हणजे आयनीकारक आणि अनायनीकारक ही सीमारेषा महत्त्वाची आहे, पण ती एखाद्या कुंपणासारखी नाही.

म्हणून नेहमी दोन प्रश्न एकत्र विचारायला शिकवावे. कोणते प्रारण? आणि किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वारंवारता देते, दुसऱ्याचे तीव्रता. छात्राध्यापकांच्या टाचणांत आम्हाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर तक्त्याच्या रूपाने तरी दिसले. दुसरा प्रश्न एकाही टाचणात नव्हता.

वायफायचेच पाहा. ओव्हनची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ, वायफायची त्याच्याच आसपास. म्हणून 'लहरी सारख्याच' हे विधान खोटे नाही. पण ओव्हनमध्ये धातूच्या बंद पेटीत १,००० वॅटच्या घरात शक्ती कोंडलेली असते, आणि घरातला वायफायचा डबा साधारण ०.१ वॅट शक्ती सर्व दिशांना पसरून देतो. दहा हजार पटींचा फरक. पणतीने आणि भट्टीने एकाच जातीचा उजेड पडतो, म्हणून पणतीवर लोखंड वितळेल असे कोणी म्हणत नाही.

टॉवर आणि फोन यांच्यातली तुलना आणखी बोधप्रद आहे. समजा, एका अँटेनाला २० वॅट शक्ती मिळते आणि तो ती एका दिशेला सुमारे ५० पट एकवटून सोडतो. शलाकेच्या अगदी समोर १०० मीटरवर उभे राहिले, तर तीव्रता भरते दर चौरस मीटरला सुमारे ०.००८ वॅट. एका टॉवरवर अनेक अँटेना असतात, त्यांची बेरीज करावी लागते. तुलनेसाठी, दुपारच्या स्वच्छ उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट असते. आपल्या देशात १ सप्टेंबर २०१२ पासून ९०० मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला ०.४५ वॅट ही मर्यादा घालण्यात आली. आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या ती एक दशांश होती. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. आणि शलाका आडवी, किंचित खाली झुकलेली असल्याने टॉवरच्या थेट पायथ्याशी ती बरीच कमी असते.

आता फोन. आजचा ४जी फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅटने बोलतो. टॉवरपुढे हे काहीच नाही. पण तो कानाला चिकटलेला असतो. म्हणून माणसाच्या डोक्यात शिरणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा बहुधा टॉवरचा नसतो, स्वतःच्या फोनचाच असतो. त्यातही फोनला सिग्नल क्षीण मिळाला की टॉवरपर्यंत आवाज पोचावा म्हणून तो आपली शक्ती वाढवतो. म्हणजे टॉवर गावाबाहेर हाकलून दिला, तर प्रत्येकाच्या कानापाशी असलेला छोटा प्रक्षेपक अधिक जोर लावणार. ज्याला खबरदारी घ्यायची असेल त्याने टॉवरवर दगड मारण्यापेक्षा इअरफोन लावून बोलावे, सिग्नल कमी असताना लांबलचक गप्पा मारू नयेत. ही साधी गोष्ट आम्ही ज्या छात्राध्यापकांशी बोललो, त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हती.

बिनतारी कुठवर?

दुसरी फट तंत्रज्ञानाची. 'मोबाइलचे बोलणे उपग्रहातून जाते' हे उत्तर आम्ही इतक्यांदा ऐकले, की ते पुस्तकात कुठे छापले आहे की काय अशी शंका आली. काही नव्या फोनमध्ये संकटकाळी उपग्रहाला थेट संदेश पाठवायची सोय आता आली आहे हे खरे. पण नेहमीचे बोलणे फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंतच फोनच्या लहरींवर जाते. तिथून पुढे बहुतेक प्रवास जमिनीखालच्या प्रकाशीय तंतूंमधून होतो, काही ठिकाणी टॉवर ते टॉवर सूक्ष्मलहरींनी. परदेशी जाणारी माहिती मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींतून जाते. अशा केबली मुंबई, चेन्नई, कोची इथे किनाऱ्याला लागतात. गंमत अशी की, त्या तंतूंमधूनही अवरक्त प्रकाशच धावतो. म्हणजे पूर्ण प्रवास विद्युतचुंबकीय लहरींचाच. कधी मोकळ्या हवेतून, कधी काचेतून.

नकाशात जागा दाखवणाऱ्या जीपीएसचे उपग्रह मात्र खरोखरच सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. पण फोन त्यांचे फक्त ऐकतो, त्यांना काही सांगत नाही. ऐकणारा आणि बोलणारा यांतला हा फरक पूर्वी घराघरात ट्रान्झिस्टर होता तेव्हा आपोआप कळत असे. ट्रान्झिस्टर फक्त ऐकायचा. हातातला फोन दोन्ही करतो, म्हणून तो फरक आता मुद्दाम शिकवावा लागतो.

५जीच्या लहरी 'नवीन आणि अनोळखी' आहेत, हेही आम्ही ऐकले. आपल्याकडे ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्यासाठी लिलावात निघालेल्या पट्ट्यांपैकी सर्वांत वरची २६ गिगाहर्ट्झची. तिची तरंगलांबी ११-१२ मिलिमीटर. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली होती. त्या काळी ते ज्या लहरींवर प्रयोग करत होते त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत होती. म्हणजे ज्यांना आपण परक्या म्हणतो त्या लहरी याच देशात सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत खेळवल्या गेल्या आहेत. हा इतिहास तक्त्याच्या कोपऱ्यात लिहायला जागा भरपूर असते.

शाप की वरदान

'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिला आहे. चार परिच्छेद वरदानाचे, तीन शापाचे आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून'. आमच्या मते छात्राध्यापकांच्या विचारांवर या निबंधाची फार मोठी छाप आहे. प्रत्येक तंत्राचे फायदे-तोटे दोन रकान्यांत लिहायचे आणि थांबायचे. तोट्याच्या रकान्यात लिहिलेले खरे कशावरून, हा प्रश्न निबंधात नसतो.

चिमण्यांचेच घ्या. टॉवर आले आणि चिमण्या गेल्या, हे जणू डोळ्यांदेखत घडले असे सगळे सांगतात. पण ब्रिटनमध्ये चिमण्या १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच कमी होऊ लागल्या होत्या. तेव्हा मोबाइलचे टॉवर नव्हते. आपल्याकडे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात चिमण्यांची देशभरातील संख्या गेल्या २५ वर्षांत एकंदर स्थिर दिसते. मुंबईसह सहा महानगरांत मात्र ती घटली आहे. टॉवर तर खेड्यापाड्यांतही आले. मग शहरात असे काय आहे? घरटी करायला वळचणी उरल्या नाहीत, पिलांना भरवायला किडे उरले नाहीत, ही कारणे तपासावी लागतील. हा पाठ वर्गात घेतला तर दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे विज्ञानातले मोठे तत्त्व मुले चिमणीच्या निमित्ताने शिकतील.

कर्करोगाचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ वारंवारतेच्या लहरींना '२ ब' गटात टाकले. त्याचा अर्थ 'कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित'. आपल्या वर्तमानपत्रांनी त्यातला पहिला अर्धा भाग छापला. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आहे. आणि पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात तंबाखू आहे, दारू आहे, सूर्याचे प्रारणही आहे. हे गट धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत, पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला एक मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९९४ ते २०२२ या काळातील ६३ अभ्यास तपासून मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही असा निष्कर्ष काढला आहे. शिक्षकाने दोन्ही गोष्टी सांगाव्यात, साल सांगून सांगाव्यात. विज्ञानाचे मत पुराव्याबरोबर बदलते, यात लाजण्यासारखे काही नाही.

या साऱ्याची किंमत काय, असे कोणी विचारील. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ५जीमुळे कोरोना पसरतो या अफवेपायी टॉवर जाळले गेले. मे २०२१ मध्ये, आपल्याकडे दुसरी लाट ऐन भरात असताना, माणसे विषाणूने नव्हे तर ५जीच्या चाचण्यांनी मरत आहेत असा संदेश उत्तर भारतात फिरला. त्या वेळी देशात कुठेही ५जीच्या चाचण्या सुरूच झालेल्या नव्हत्या, असा खुलासा दूरसंचार विभागाला करावा लागला. ज्याला हा संदेश खरा वाटला तो मास्क कशाला लावेल? लस कशाला घेईल? गावात अशा वेळी लोक शहानिशा करायला कोणाकडे जातात? डॉक्टर असतील तर डॉक्टरांकडे, नाही तर गुरुजींकडे, बाईंकडे. ग्रामसभेत टॉवरचा विषय निघाला की 'तुम्ही विज्ञान शिकवता ना, तुम्ही सांगा' असे आजही म्हटले जाते. त्या वेळी आपल्याजवळ सात नावांचा तक्ता असून भागत नाही.

काय करता येईल

आमच्या सूचना मोजक्या आणि स्वस्त आहेत.

घरातला जुना ट्रान्झिस्टर एएम पट्ट्यावर, कुठलेही केंद्र नसेल अशा जागी लावा. शेजारी, गॅसपासून दूर, शेगडी पेटवायचा ठिणगीचा लायटर दाबा. दर ठिणगीला ट्रान्झिस्टर कर्रर करील. हर्ट्झ यांनी १८८७-८८ साली ठिणगीतूनच लहरी निर्माण करून मॅक्सवेल यांचे गणित खरे ठरवले होते. त्याचीच ही धाकटी भावंडे.

टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात पाहा.

पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून दिव्यासमोर धरा, मागे आलेख कागद. दिव्यापासून पुठ्ठ्याच्या दुप्पट अंतरावर कागद धरला की उजेडाचा चौकोन भोकाच्या चौपट होतो, तिप्पट अंतरावर नऊपट. टॉवरचे गणित इथेच समजते.

फोन ॲल्युमिनियमच्या कागदात दोन-तीन वेढे देऊन गुंडाळा आणि त्यावर फोन लावून पाहा. मग तो स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा, सैल लावा. कधी लागतो, कधी लागत नाही, का, हे मुलांनाच शोधू द्या. ओव्हनच्या दारातल्या जाळीची भोके १२ सेंटिमीटरच्या लहरीपुढे किती लहान आहेत ते मग सांगा.

आणि अध्यापक महाविद्यालयांना एक विनंती. सराव पाठाचे गुण देताना तक्त्याला, फलक लेखनाला गुण असतातच. मुलाने टाचणाबाहेरचा प्रश्न विचारला तेव्हा छात्राध्यापकाने काय केले, यालाही गुण ठेवा.

त्या मुलाला काय उत्तर देता आले असते? आम्ही त्या छात्राध्यापिकेशी बसून ते तयार केले. ते असे: "चांगलं विचारलंस. टॉवरच्या लहरी या तक्त्यात इथे, डावीकडे येतात. क्ष-किरणांसारखे बंध तोडण्याचं बळ त्यांच्यात नसतं. त्या खूप प्रखर असल्या तर तापवू शकतात, म्हणून किती प्रखर असाव्यात याची मर्यादा सरकारनं घातलेली आहे. तुमच्या टॉवरची मोजणी झाली का, मर्यादेच्या आत आहे का, हे विचारायचा तुमच्या गल्लीला हक्क आहे. कॅन्सरवर पुष्कळ अभ्यास झाले आहेत, आतापर्यंत तसा संबंध आढळलेला नाही. उद्या आपण दिवा आणि पुठ्ठा घेऊन अंतराचं गणित करू."

हे सांगायला जेमतेम एक मिनिट लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच पुठ्ठा आणला. आणि तो मुलगा वडिलांचा मोडका ट्रान्झिस्टर पिशवीत घालून घेऊन आला होता.